शेखाडीची वाळू आणि फौजदारी कायद्याचे शब्द

दिवेआगरहून श्रीवर्धनला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता शेखाडीपाशी समुद्राला अगदी बिलगतो. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्या थांबतात, फोटो निघतात आणि मंडळी पुढे जेवायला जातात. याच शेखाडीला १९९३ च्या ३ आणि ७ फेब्रुवारीला समुद्रातून माल उतरला. त्याआधी ९ जानेवारीला तो दिघीला उतरला होता. किनाऱ्यावर या प्रकाराला एकच शब्द आहे, ‘लँडिंग’. सोने, चांदी, घड्याळे, परदेशी कापड अशी लँडिंगं कोकणच्या खाड्यांनी दोन-तीन दशके पाहिली होती. रात्री निरोप यायचा, ओळखीचे गडी गोळा व्हायचे, खोकी ट्रकमध्ये चढायची आणि उजाडण्याआधी हातात पैसे पडायचे. खोक्यात काय आहे, हे विचारायची पद्धत नव्हती. त्या वेळी खोक्यांत आरडीएक्स आणि रायफली होत्या. १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले. २५७ माणसे गेली, ७१३ जखमी झाली.

फौजदारी कायदा म्हणजे काय, हे सांगायला मला याहून योग्य जागा सुचत नाही. खोके उचलणारे हात सगळ्यांचे सारखेच होते. समजा, एकाला आत काय आहे आणि ते कशासाठी चालले आहे हे पक्के ठाऊक होते. दुसऱ्याला चांदीच्या विटा आहेत असे वाटत होते. तिसऱ्याला वजनावरून, वासावरून काहीतरी भलते आहे अशी शंका आली, पण त्याने मान फिरवली. चौथा वर्दीत होता आणि त्याने गाडी पुढे जाऊ दिली. या चौघांचा गुन्हा एकच का? या प्रश्नाला उत्तर देताना जे शब्द लागतात, तीच फौजदारी कायद्याची परिभाषा. आपण हे शब्द चहाच्या टपरीवर, बातम्यांत, घरातल्या भांडणात रोज वापरतो आणि बहुतेक वेळा ढिलेपणाने वापरतो. त्या ढिलेपणाची किंमत नेहमी कुणीतरी दुसरा मोजतो, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून हा आढावा.

पहिला धडा हा की गुन्ह्याला दोन अंगे असतात, कृत्य आणि मन. नुसते वाईट मनात येणे गुन्हा नाही, आणि हातून काहीतरी घडले एवढ्यानेही सहसा गुन्हा पुरा होत नाही. मराठीत इथे एक अडचण आहे. ‘हेतू’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. भावकीतल्या जुन्या वैरातून मारले, हा हेतू. मारायचेच असे ठरवून कोयता उचलला, हा उद्देश किंवा इरादा. गुन्हा ठरतो इराद्यावर. हेतू सापडला तर पुराव्याला बळ येते, सापडला नाही म्हणून आरोपी सुटत नाही. इराद्याच्या खालच्या पायऱ्या म्हणजे जाणीव, मग ‘तसे समजायला पुरेसे कारण असणे’ आणि सगळ्यात खाली हयगय. शेखाडीच्या आपल्या चार माणसांना या पायऱ्यांवर उभे करून पाहिले की कायदा एकाच खोक्याचे चार वेगवेगळे हिशेब का मांडतो, ते कळते.

स्फोटांच्या प्रत्यक्ष खटल्यातही तेच झाले. दहशतवादविरोधी ‘टाडा’ कायद्याखालच्या न्यायालयाचे न्यायाधीश प्रमोद कोदे यांनी सप्टेंबर २००६ पासून निकाल सांगायला सुरुवात केली. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले, २३ सुटले. दोषींत कस्टम्सचे अधिकारी होते, श्रीवर्धनकडचे पोलीस कर्मचारीही होते. आम्ही चांदीची तस्करी समजून डोळेझाक केली, स्फोटकांची कल्पना नव्हती, असा बचाव मांडला गेला. तो त्यांना पूर्ण वाचवू शकला नाही, पण प्रत्येकाला मुख्य कटातही बसवले गेले नाही. ज्याची जितकी जाणीव सिद्ध झाली, तितकाच दोष त्याच्या नावावर लागला. २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दोषींपैकी याकूब मेमनची फाशी कायम केली आणि इतर दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यामागचा विचार साधारण असा होता की कट रचणारे हे धनुर्धारी आणि बाकीचे त्यांच्या हातातले बाण. ३० जुलै २०१५ ला याकूबला फाशी झाली. दिघी-शेखाडीच्या लँडिंगमागचा मुख्य सूत्रधार टायगर मेमन मात्र फरारीच राहिला. फरारी असलेला माणूस कायद्याच्या भाषेत अजून आरोपीच असतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

‘कट’ म्हणजे दोन किंवा अधिक माणसांचे बेकायदा गोष्टीसाठी एकमत. गंभीर गुन्ह्याच्या बाबतीत हे एकमत हाच गुन्हा. स्फोट झाला नसता तरी कटाचा गुन्हा उभा राहिला असता. ‘सामाईक इरादा’ ही वेगळी गोष्ट. जुन्या दंडसंहितेचे कलम ३४ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचे ३ (५) यांचा अर्थ असा की सगळ्यांनी मिळून एकाच इराद्याने काम केले तर प्रत्येकाने ते सगळे एकट्याने केल्यासारखे धरायचे. एकाने धरले, दुसऱ्याने मारले, तिसरा दाराशी पहाऱ्याला उभा राहिला, तरी तिघांचाही खून. ‘अपप्रेरणा’ म्हणजे चिथावणे, कटात सामील होणे किंवा जाणूनबुजून मदत करणे. मदत ही हात चालवूनच होते असे नाही. ज्याच्यावर कायद्याने काही करण्याची जबाबदारी आहे त्याने ते मुद्दाम न करणे, हीसुद्धा मदत. गाडी थांबवणे हेच ज्याचे काम, त्याने ती सोडली तर त्याचे गप्प राहणे हेच कृत्य ठरते.

‘बेकायदा जमाव’ हा शब्द रायगड जिल्ह्याने फार जवळून पाहिला आहे. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या डोंगरावर गोळीबार झाला, आठ सत्याग्रही हुतात्मा झाले आणि खटला भरला गेला तो गावकऱ्यांवरच. बचावाच्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पाच किंवा अधिक माणसे आणि त्यांचे ‘समान उद्दिष्ट’ एवढे दाखवले की जमावातल्या एकाच्या कृत्यासाठी सगळे जबाबदार धरता येतात. म्हणूनच या कलमाची मला कायम धास्ती वाटते. गर्दीत कोण कशाला आले होते हे निकाल लिहिणाऱ्याने माणूस माणूस करून तपासले नाही, तर बघ्यांचेही आरोपी होतात.

श्रीवर्धनच्या त्याच रस्त्यावर पुन्हा मागे, दिवेआगरला येऊ. तिथल्या गणपतीचा सोन्याचा मुखवटा १९९७ मध्ये एका वाडीत सापडला आणि गावाचे भाग्य उजळले. २४ मार्च २०१२ च्या पहाटे तो चोरीला गेला. मंदिराचे दोन रखवालदार मारले गेले. त्या सकाळचा सुन्नपणा तालुक्यातली माणसे अजून सांगतात. बातम्यांत ‘चोरी’, ‘जबरी चोरी’ आणि ‘दरोडा’ हे शब्द एकमेकांच्या जागी येत राहिले. कायद्यात त्यांच्या सीमा आखलेल्या आहेत. संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे उचलून नेणे ही चोरी. त्यासाठी मारले, धाक दाखवला तर जबरी चोरी. आणि जबरी चोरी करणारे पाच किंवा अधिक असले तर दरोडा. ‘दोन चोरट्यांचा दरोडा’ हा मथळा कायद्याला मान्य होणार नाही. हा पाचाचा आकडा नुसता तांत्रिक नाही. दरोड्यात एकाने खून केला तरी पाचही जण त्या खुनासाठी जन्मठेपेला किंवा फाशीलाही पात्र ठरतात, प्रत्यक्ष हत्यार कुणाचे होते हा प्रश्न मागे पडतो. दिवेआगरच्या खटल्यात संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, म्हणजे मोक्का, लावला गेला आणि २०१७ मध्ये अलिबागच्या विशेष न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप दिली. मुखवट्याचे सोने वितळवून घेणारेही आरोपींत होते. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना किंवा तसे समजायला कारण असताना तो घेणे, हा स्वतंत्र गुन्हा आहे. कवडीमोल भावात येणारे सोने घेताना ‘मला काय माहीत’ म्हणून सुटता येत नाही, ते याचमुळे.

माणूस मेला की तोंडात येणारा पहिला शब्द ‘खून’. कायदा तिथे थांबतो आणि विचारतो, कसा मेला? जीव घेण्याच्या उद्देशाने किंवा सामान्यतः मरण येईलच अशी इजा करण्याच्या उद्देशाने मारले, तर खून. मरण येऊ शकेल एवढी जाणीव होती, पण खुनाच्या व्याख्येपर्यंत गोष्ट पोचत नसेल, तर खुनाइतका नसलेला सदोष मनुष्यवध. आणि ना उद्देश ना जाणीव, नुसता अविचार किंवा हयगय असेल, तर हयगयीने मृत्यू. महाडला २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली. दहा वर्षेही न झालेली इमारत, आणि १६ माणसे गेली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो सदोष मनुष्यवधाचा. हा शब्द निवडण्यात सगळा अर्थ आहे. जुन्या कायद्यात हयगयीने मृत्यूला जास्तीत जास्त दोन वर्षे होती, सदोष मनुष्यवधाला दहा वर्षे, प्रसंगी जन्मठेप. बांधणाऱ्याला खांब कच्चे आहेत हे ठाऊक होते की ठाऊक असायला हवे होते, या दोन वाक्यांमधल्या अंतरावर एखाद्याच्या आयुष्याची आठ वर्षे टांगलेली असतात.

समुद्रातला प्रसंग ताजा आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जण गेले. घारापुरी उरण तालुक्यातले. तिथल्या माणसांचे रोजचे जाणे-येणे याच पाण्यावरून. गुन्हा नोंदला गेला तो नव्या संहितेच्या कलम १०६ (१) खाली, हयगयीने मृत्यू, आणि त्यासोबत जलवाहन बेदरकारपणे चालवण्याचे कलम २८२. नव्या कायद्याने हयगयीने मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली आहे. गाव संतापलेले असते तेव्हा ‘हयगय’ हा शब्द फार पांगळा वाटतो. मेलेल्याच्या घरच्यांना तर तो अपमान वाटतो. तरीही कायद्याने रागाच्या मापाने कलम लावू नये, असेच मी म्हणेन.

खाडीपलीकडच्या मुंबईत घडलेला नानावटी खटला खून आणि सदोष मनुष्यवध यांच्या सीमेवर उभा होता. २७ एप्रिल १९५९ ला नौदल अधिकारी कावस नानावटी याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटले. उच्च न्यायालयाने ते फिरवले आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ’ असेल तर खून सदोष मनुष्यवधावर येतो. पण नानावटी घरच्यांना सिनेमाला सोडून, जहाजावर जाऊन, रिव्हॉल्वर घेऊन मग गेला होता. मधल्या वेळात राग निवायला सवड होती, असे न्यायालयाने मानले. आणखी एक गोष्ट या खटल्याने पक्की केली. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो, पण अपवादाचा आधार घ्यायचा तर तो दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हा लागत नाही, कृत्याच्या वेळी मन ठिकाणावर नसलेल्याला लागत नाही, स्वतःचा जीव वाचवताना केलेल्या प्रतिकाराला लागत नाही, ही सगळी याच अपवादांची मंडळी.

आता ‘ताबा’. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ ‘लेडी हान’ नावाची बेवारस बोट सापडली. आत तीन एके-४७ आणि काडतुसे. १९९३ आठवलेल्या प्रत्येकाच्या पोटात त्या दिवशी गोळा आला असेल. काही तासांत कळले की मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या बोटीचे इंजिन जूनमध्ये बिघडले, आतल्या लोकांना वाचवण्यात आले आणि बोट वाहत इथवर आली. शस्त्रे तीच, किनारा तोच, मागचे मन मात्र वेगळे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये, श्रीवर्धनच्या जीवना बंदरापासून रायगड आणि रत्नागिरीच्या वाळूवर चरसची पाकिटे लागू लागली, एकेक साधारण किलोभराचे. सापडलेली पाकिटे पोलिसांकडे द्या, असे आवाहन गावोगाव झाले. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात चरसची ‘व्यापारी मात्रा’ एक किलोच्या वर धरतात आणि त्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. जाळ्यात अडकलेले पाकीट काढून पोलीस पाटलाकडे नेणारा खलाशी आणि तेच पाकीट कुडाच्या आत लपवणारा माणूस, दोघांच्याही हातात काही वेळ तीच वस्तू होती. फरक ‘जाणीवपूर्वक ताब्या’चा. हा फरक १९९३ च्याच स्फोट-खटल्यातून निघालेल्या संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने १९९४ मध्ये स्पष्ट केला. ताबा म्हणजे वस्तू काय आहे हे माहीत असून ती स्वतःकडे ठेवणे. अमली पदार्थांचा कायदा मात्र एक पाऊल पुढे जातो. ताबा सिद्ध झाला की दोषी मन होते असे तो गृहीत धरतो आणि ते खोडण्याचा भार आरोपीवर टाकतो. म्हणून किनाऱ्यावरच्या पोरांना मी कळकळीने सांगतो, असे काही दिसले तर हात लावू नका, आधी सांगा.

असे पाकीट सापडल्यावर होणारा पंचनामा एकदा नीट पाहण्यासारखा असतो. पोलीस दोन पंच बोलावतात, शक्यतो त्या प्रकरणाशी संबंध नसलेले. कागदावर आधी सुरू झाल्याची वेळ. मग चतुःसीमा, पूर्वेला सुरूची झाडे, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला ओढून ठेवलेली होडी, दक्षिणेला वाट. मग वस्तू, वेष्टनाचा रंग, त्यावरची अक्षरे, गाठ कशी, वजन किती, काटा कुणाचा. पाकीट कागदात गुंडाळून सुतळीने बांधतात, गाठीवर लाखेचे सील होते, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लागते. शेवटी संपल्याची वेळ आणि सह्या. आता या सगळ्याचे चित्रीकरणही करावे लागते. पाच-सहा वर्षांनी तोच पंच साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि बचावाचा वकील विचारतो, काटा कुठून आणला होता, सील कशाचे होते, सही केली तेव्हा कागद कोरा होता का? इथे पंच गडबडला की मुद्देमालाचा धागा तुटतो. फिरलेल्या साक्षीदाराला आपण ‘फितूर’ म्हणतो. तो प्रत्येक वेळी पैसे खाऊनच फिरतो असे नाही. पुष्कळदा त्याने सही न वाचता केलेली असते.

सातबाऱ्याच्या जगात दिवाणी आणि फौजदारी यांची सरमिसळ सर्वाधिक होते. महाडच्या चवदार तळ्याच्या निमित्ताने हा फरक इतिहासातच दिसतो. १९२७ च्या मार्चमधल्या हल्ल्याबद्दल हल्लेखोरांवर चालला तो फौजदारी खटला. तळ्यावरच्या हक्काचा दावा दिवाणी, आणि तो मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ ला संपला. फौजदारीत सरकार विरुद्ध आरोपी असा सामना असतो, दिवाणीत माणूस विरुद्ध माणूस. अलिबाग-मुरुडकडे जमिनीचे भाव चढल्यापासून विसार घेऊन खरेदीखत न करणाऱ्यावर ‘चारशेवीस’ लावा, असा आग्रह रोज ऐकू येतो. पण दिलेला शब्द मोडणे म्हणजे लगेच फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच बुडवायचे मनात होते का, हा प्रश्न आहे. एकच प्लॉट दोघांना विकला, बनावट कुलमुखत्यारपत्र दाखवले, तर तो इरादा दिसतो. व्यवहार ठरल्यावर पैशांची अडचण आली, तर वाट दिवाणी न्यायालयाची. न्यासभंगाचे उलटे आहे. तिथे पैसे विश्वासाने, रीतसर सोपवलेले असतात आणि अप्रामाणिकपणा नंतर शिरतो. २०१० मध्ये उघड झालेल्या पेण अर्बन बँकेच्या घोटाळ्याने हा शब्द गणपतीच्या कारखान्यांतल्या कारागिरांपर्यंत पोचवला. ठेवीदारांचा प्रश्न साधा होता, ‘आमचे पैसे कुठे?’ फौजदारी कायदा दोषी कोण ते सांगतो. पैसे परत आणणे हे त्याचे मुख्य काम नाही, आणि हे ठेवीदारांना कुणी वेळेवर सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रक्रियेचे शब्द रोजच्या वापरातले, म्हणून त्यांचा घोटाळा सर्वात महाग. गुन्हा दखलपात्र असेल तर पोलिसांनी प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवायची आणि तपास सुरू करायचा. अदखलपात्र असेल तर ठाण्यात ‘एनसी’ होते आणि न्यायालयाच्या हुकमाशिवाय तपास होत नाही. ‘एनसी घेतली’ म्हणजे पोलिसांनी काही केले, असे समजून घरी परतणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मृत्यूचे कारण कळत नसेल तर ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते. ती किती महत्त्वाची, हे पेण तालुक्यात दिसले. विनोबांचे जन्मगाव ते गागोदे. त्याच परिसरातल्या जंगलात २३ मे २०१२ ला जळालेले मानवी अवशेष सापडले. त्या वेळी गुन्हा नोंदवला गेला नाही. तीन वर्षांनी मुंबईतल्या एका देशभर गाजलेल्या खटल्याचा धागा तिथे येऊन टेकला आणि आधी न झालेल्या त्या नोंदीबद्दल सगळा महाराष्ट्र विचारू लागला.

अटक म्हणजे शिक्षा नाही. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक. तिथून ‘पोलीस कोठडी’, म्हणजे चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात, किंवा ‘न्यायालयीन कोठडी’, म्हणजे तुरुंगात. ४ नोव्हेंबर २०२० ला हा फरक अलिबागच्या न्यायालयातून थेट देशभर प्रसारित झाला. कावीर गावातल्या २०१८ च्या आत्महत्या प्रकरणात संपादक अर्णब गोस्वामी यांना रायगड पोलिसांनी अटक केली. आरोप आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी पोलीस कोठडी नाकारून न्यायालयीन कोठडी दिली. त्याआधी १६ एप्रिल २०१९ ला याच प्रकरणात ‘ए समरी’ मंजूर झाली होती. समरी हा महाराष्ट्राच्या पोलीस-व्यवहारातला खास शब्द. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा, पण पुरावा पुरेसा हाती लागला नाही. ‘बी’ म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. ‘सी’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबरला गोस्वामींना अंतरिम जामीन दिला आणि २७ तारखेच्या सविस्तर निकालात म्हटले की स्वातंत्र्य एक दिवस हिरावले गेले तरी तो एक दिवस जास्तीचाच. थकलेले पैसे न देणे आणि आत्महत्येला प्रवृत्त करणे यांत अंतर आहे. अपप्रेरणेला चिथावणी किंवा जाणीवपूर्वक मदत असा ठोस दुवा लागतो. तो दुवा आहे की नाही हे खटल्यात ठरते. ज्या घरातली दोन माणसे गेली त्यांच्या दुःखाबद्दल मनात करुणा ठेवूनही हे म्हणावे लागते. आणि जो न्याय नामवंत संपादकाला आठवड्यात मिळाला, तो नाव नसलेल्या माणसालाही तितक्याच लवकर मिळावा, हे त्याच वाक्याचे दुसरे टोक आहे.

पुराव्याबद्दल एवढेच. पोलिसांपुढची कबुली पुरावा नसते. तिच्यातून प्रत्यक्ष काही सापडले, पुरलेला कोयता, विहिरीतली पिशवी, तर तेवढा भाग वापरता येतो. टाडामध्ये पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालत असे, म्हणून १९९३ च्या खटल्यात कबुल्यांचे वजन एवढे होते. तो कायदा १९९५ मध्ये संपला. त्या खटल्यात माफीचा साक्षीदारही होता. स्वतः गुन्ह्यात असून सरकारच्या बाजूने साक्ष देणाऱ्याच्या शब्दाला दुसऱ्या पुराव्याची जोड लागते, असा सावधपणा न्यायालये पाळतात. डोळ्यांनी पाहिलेले कुणी नसेल तर परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी लागते. पुण्याच्या शरद सारडा खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. एक कडी निसटली तर संशयाचा फायदा आरोपीला. ‘संशयाचा फायदा’ हा पळवाटेचा शब्द समजणाऱ्याने स्वतः कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असल्याची कल्पना करून पाहावी.

१ जुलै २०२४ पासून आकडे बदलले. १८६० च्या दंडसंहितेची ५११ कलमे गेली, न्याय संहितेची ३५८ आली. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८, खुनाच्या प्रयत्नाचे ३०७ आता १०९. कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ देता येते, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे, किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा आली आहे. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच, पण ती आता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. हा बदल मला काळजीचा वाटतो, कारण न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस पुन्हा पोलिसांकडे येऊ शकतो. १ जुलैआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच संहिता लागते. कृत्य घडले त्या दिवशी जो कायदा होता त्यानेच शिक्षा, हे घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातले वचन आहे. त्यामुळे आणखी बरीच वर्षे अलिबागच्या न्यायालयात ३०२ आणि १०३ शेजारी शेजारी पुकारले जातील.

अलिबागला समुद्राकडे जाताना हिराकोट लागतो. आंग्र्यांनी बांधलेल्या या कोटात आज जिल्हा कारागृह आहे. रस्त्यावरची माणसे त्या काळ्या दगडांकडे बघून ‘आत गुन्हेगार आहेत’ म्हणतात. देशभरातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस शंभरातले पंचाहत्तरहून अधिक कैदी कच्चे होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, ज्याच्यावर एकच खटला आहे आणि जो पूर्वी कधी दोषी ठरलेला नाही, त्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचे आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. ही मुदत भरली की न्यायालयाला तसा अर्ज करण्याचे काम कैद्याचे किंवा त्याच्या वकिलाचे नाही. ते तुरुंगाच्या अधीक्षकाचे आहे, आणि तसे कायद्यात लिहिलेले आहे.